दाढ काढून घरी आल्यावर: पहिल्या तासापासून पुढच्या काही आठवड्यांपर्यंत तोंडाची काळजी

दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीतून उठताना डॉक्टर जे सांगतात त्यातलं निम्मं कानावरून जातं. तोंडात कापूस, अर्धा चेहरा बधिर, आणि मनात एकच विचार, एकदाचं झालं. सूचनांचा कागद खिशात जातो. रात्री भूल उतरली की मग प्रश्न सुरू होतात. एवढं रक्त यायला हवं का? चूळ भरू का? उद्या सूज वाढली तर? हा लेख त्या रात्रीसाठी आहे, पण जमलं तर दाढ काढायच्या आदल्या दिवशीच वाचून ठेवा. तेव्हा डोकं शांत असतं.

आधी जखम कशी भरते ते समजून घेऊ, कारण ते कळलं की पुढच्या बहुतेक सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. दाढ निघाली की हाडात खड्डा उरतो. त्यात रक्त भरतं, गोठतं आणि गुठळी तयार होते. हातापायावरच्या जखमेला आपण पट्टी बांधतो, तिच्यावर कोरडी खपली धरते. तोंडात यातलं काहीच शक्य नाही. तिथे कायम ओल, जिभेची हालचाल, अन्नाची ये-जा. त्यामुळे ती मऊ गुठळी हीच पट्टी, तीच खपली, आणि नवं मांस व पुढे नवं हाड तिच्याच आधाराने वाढतं. पहिले २४ तास सगळी काळजी ती गुठळी जागेवर राहावी म्हणून. त्यानंतरची काळजी जखम स्वच्छ राहावी म्हणून. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि पहिल्या दिवशी जे मुळीच करायचं नसतं तेच दुसऱ्या दिवसापासून नेमाने करायचं असतं.

माझी खालची अक्कलदाढ काढली तेव्हा मी इथेच चुकले. तोंडातली रक्ताची चव सहन होईना, म्हणून त्याच संध्याकाळी तीन-चार वेळा खळखळून चुळा भरल्या. स्वच्छता करतेय असंच वाटत होतं. तिसऱ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ सुरू झाली आणि परत डॉक्टरांकडे धावावं लागलं. ती दोन रात्रींची झोप कुणाची जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दवाखान्यातून निघण्यापूर्वी

चार गोष्टी विचारून घ्या आणि सोबतच्या माणसाला लिहून घ्यायला सांगा. टाके आपोआप विरघळणारे आहेत की काढायला यायचं आहे? वेदनाशामक गोळी कोणती, किती तासांनी? रात्री गरज पडली तर फोन कुणाला करायचा? पुन्हा कधी दाखवायचं?

तुम्ही चालू औषधांबद्दल आधी बोलला नसाल तर आता तरी बोला. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाची औषधं, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शनं, गर्भारपण, कोणत्याही औषधाची ॲलर्जी. यातली हाडांची औषधं लोक हमखास सांगायची विसरतात, दाताशी त्यांचा काय संबंध असं वाटून. पण त्यातल्या काहींमुळे जबड्याचं हाड भरायला अडचण येऊ शकते. आणि रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. दाढेतून थोडं जास्त रक्त येणं दाबून थांबवता येतं, हृदयात किंवा मेंदूत गुठळी अडकली तर ते फार महागात पडतं.

पहिला तास: फक्त दाबून धरा

जखमेवर ठेवलेली गॉजची, म्हणजे पट्टीच्या जाळीदार कापडाची, घडी ३० ते ४५ मिनिटं घट्ट चावून धरायची. चघळायची नाही, दर पाच मिनिटांनी काढून बघायचीही नाही. रक्त थांबतं ते सलग दाबामुळे, आणि प्रत्येक वेळी घडी उचलली की अर्धवट जमलेली गुठळी तिच्यासोबत उचलली जाते. या वेळात बोलणंही शक्य तितकं टाळा.

घडी काढल्यावर लाळ गुलाबी दिसेल. पहिल्या दिवशी, कधी दुसऱ्या सकाळपर्यंत, हे चालतं. थेंबभर रक्त तोंडभर लाळेत मिसळलं की खूप वाटतं, म्हणून घाबरायला होतं. लाळ गिळून टाका, थुंकू नका.

तोंड पुन्हा पुन्हा ताज्या लाल रक्ताने भरत असेल तर स्वच्छ गॉजची जाड घडी करा, पाण्याने किंचित ओली करा आणि नेमकी खड्ड्यावर ठेवून सलग ३० मिनिटं दाबून धरा. घड्याळ लावून. ताठ बसा, आडवे पडू नका. गॉज नसेल तर चहाची पिशवी गरम पाण्यात भिजवून, पूर्ण गार करून, पिळून वापरता येते, चहातल्या टॅनिनमुळे रक्त गोठायला मदत होते. नुसता सुटा कापूस मात्र टाळा, त्याचे तंतू जखमेत अडकतात. दोनदा नीट दाबून धरूनही रक्त वाहतंच आहे, तर वाट न पाहता फोन करा.

भूल उतरेपर्यंत

ओठ, गाल, जीभ साधारण २ ते ५ तास बधिर राहतात. वरच्या जबड्यात लवकर उतरते, खालच्या जबड्यात वेळ लागतो. तोवर काही चावून खाऊ नका आणि गरम काही पिऊ नका, कारण भाजलेलं आणि चावलेलं दोन्ही कळत नाही. लहान मुलांवर तर नजरच ठेवावी लागते. ओठ जाड झाल्यासारखा वाटतो म्हणून मुलं तो चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ सुजून लाल होतो. त्यांना समजेल असं सांगा, ओठ झोपलाय, त्याला उठवायचं नाही.

वेदनाशामकाची पहिली मात्रा भूल पूर्ण उतरायच्या आधी घ्यायची असते. दुखणं पेटल्यावर गोळी घेतली तर ती उशिरा पोचते, आणि तो मधला तास उगाच सोसावा लागतो. इबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी दाताच्या दुखण्यावर चांगलं काम करते, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच घ्या. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण, किंवा अशा गोळ्यांनी दमा उठत असेल तर इबुप्रोफेन नको. निरोगी प्रौढ माणसालाही पॅरासिटामॉल दिवसात ४ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये, आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्येही ते असतं, तेही मोजा. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याने दुखणं थांबत नाही, हिरडी मात्र भाजते.

प्रतिजैविकं दिली असतील तर सांगितली तशी घ्या, दिली नसतील तर घरात उरलेली काढून घेऊ नका. साध्या दाढेला बहुतेकदा त्यांची गरज नसते. त्यांपैकी मेट्रोनिडाझोल चालू असेल तर मद्य पूर्ण बंद.

पहिला दिवस आणि पहिली रात्र

गुठळी हलते ती मुख्यतः तोंडात पोकळी निर्माण होऊन, ओढ बसून. स्ट्रॉने पिणं, जोराने थुंकणं, सिगारेटचा झुरका, खळखळून चूळ भरणं, या सगळ्यांत तीच ओढ असते. म्हणून पहिले २४ तास यातलं काही नाही. स्ट्रॉ तर आठवडाभर दूरच ठेवलेली बरी.

सिगारेटबद्दल वेगळं सांगते. ओढ हा एक भाग झाला, धुराने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी पोचतं हा दुसरा. किमान ७२ तास थांबा, आठवडाभर थांबलात तर उत्तम. तोंडात ठेवायची तंबाखूही तितकीच वाईट, तिचे कण थेट जखमेत बसतात. सोडायची कधीपासून इच्छा असेल, तर हे चार-सात दिवस आयतेच हाती आले आहेत, त्यांचा फायदा घ्या.

गालावर बाहेरून बर्फाचा शेक घ्या. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवायचा, तेवढाच वेळ काढायचा, पुन्हा ठेवायचा. पहिल्या दिवशी जागे असाल तोवर हे चालू ठेवा, अवघड अक्कलदाढ असेल तर दुसऱ्या दिवशीही. सूज उतरवण्यापेक्षा ती चढू न देणं हे बर्फाचं काम, त्यामुळे त्याचा उपयोग सुरुवातीलाच.

झोपताना डोक्याखाली एक उशी जास्त घ्या. सपाट झोपलं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, ठणका वाढतो, थेंब थेंब रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं. उशीवर जुना टॉवेल टाका, सकाळी गुलाबी डाग दिसेल. व्यायाम, वजन उचलणं, वाकून करायची कामं २ ते ३ दिवस बाजूला ठेवा.

पहिल्या रात्री दात घासायचे का? घासायचे, जखमेची बाजू सोडून. पेस्ट थोडीच घ्या, आणि फेस थुंकण्याऐवजी बेसिनवर वाकून तोंड उघडा, तो आपोआप गळून पडतो.

२४ तास उलटले, आता धुवा

एक ग्लास कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. तोंडात घोट घ्यायचा, मान हळू एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला झुकवायची, आणि पाणी गळू द्यायचं. गालांनी खळखळवायचं नाही. दिवसातून चार-पाच वेळा, त्यातही प्रत्येक खाण्यानंतर न चुकता, साधारण आठवडाभर. जास्त मीठ घातलं म्हणजे जास्त फायदा असं नाही, हिरड्या चुरचुरतात एवढंच.

क्लोरहेक्सिडीनचं माऊथवॉश लिहून दिलं असेल तर तेही आताच सुरू करायचं, सहसा सकाळ-संध्याकाळ. पेस्टने दात घासणं आणि हे औषध यांत अर्धा तास अंतर ठेवा, पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकाने त्याचा असर कमी होतो. काही दिवस चव बदलते, दातांवर तपकिरी छटा येते. ती छटा डॉक्टर पुसून देऊ शकतात, त्यामुळे काळजी नको, पण सांगितलेल्या दिवसांपलीकडे हे औषध चालू ठेवू नका. मद्यार्क असलेली झणझणीत माऊथवॉश या दिवसांत नकोत.

जखमेच्या शेजारच्या दातांना मऊ ब्रशने हळूहळू भिडायला लागा. दुखेल या भीतीने लोक ती अख्खी बाजू आठवडाभर घासत नाहीत, तिथे किटण साचतं, हिरडी सुजते, आणि मग जखमेपेक्षा तीच जास्त दुखते.

आरशात बघितलं तर खड्ड्यात पांढरट-पिवळसर थर दिसेल. बहुतेक जण याला पू समजतात आणि टूथपिकने, बोटाने खरवडतात. कृपा करून ते करू नका. तो भरत्या जखमेचाच थर आहे. पू असेल तर सोबत वाढती सूज, ताप, घाण चव, वाढतं दुखणं असं काहीतरी असतं. आणि जीभ वारंवार खड्ड्याकडे जाईल, तिला आवरायला लागतं.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. सकाळी उठून गाल कालपेक्षा फुगलेला दिसला तरी तिसऱ्या दिवसापर्यंत ते अपेक्षितच आहे. त्यानंतर ती उतरायला हवी. आता बर्फाचा उपयोग संपला, कोमट ओल्या फडक्याचा शेक घ्या. गालावर, मानेवर निळा-पिवळा डाग उमटला तर तो आत साचलेल्या रक्ताचा, आठ-दहा दिवसांत जातो.

अक्कलदाढेनंतर जबडा आखडतो, तोंड उघडत नाही. एरवी आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी तोंडात मावतात, आता कदाचित एकच मावेल. तिसऱ्या दिवसापासून शेक घेतल्यावर तोंड हळू उघडायचं, ताण जाणवेल तिथे क्षणभर थांबायचं, मिटायचं. दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहादा. रोज थोडं जास्त उघडायला हवं, कळ येईल इतकं ताणायचं नाही.

काय खायचं

पहिल्या दिवशी गार किंवा कोमट, आणि न चावता गिळता येईल असं: दही, कुस्करलेलं केळं, गाळलेलं सूप, मिल्कशेक चमच्याने. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मऊ अंडं, कुस्करलेला बटाटा, शिजवून मऊ केलेलं काहीही. दुसऱ्या बाजूने चावा. आठवडाभर टाळायचं ते कुरकुरीत, टोकदार आणि बारीक बियांचं, कारण असले कण खड्ड्यात जाऊन बसतात. तिखट आणि आंबट जखमेला झोंबतं, म्हणून तेही.

उपाशी राहू नका. दुखतंय म्हणून दोन दिवस पाण्यावर काढणारी माणसं अशक्त होतात, गोळ्या रिकाम्या पोटी पडतात, आणि जखम भरायला लागणारी प्रथिनं मिळत नाहीत. मधुमेह असेल तर जेवण चुकवून औषध किंवा इन्सुलिन घेणं सरळसरळ धोक्याचं आहे. आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा आणि साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा.

तिसऱ्या दिवशी दुखणं उलट वाढलं तर

साधं दुखणं रोज थोडं उतरत जातं. दोन दिवस बरं वाटून तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळ एकदम वाढली, ती कानाकडे किंवा कानशिलाकडे जायला लागली, तोंडाला वास किंवा घाण चव आली, गोळीने फरक पडेना, तर गुठळी निघून गेलेली असू शकते. याला ड्राय सॉकेट म्हणतात. आत हाड उघडं पडतं आणि हवा-पाणी लागलं तरी ठणकतं. साध्या दाढांमध्ये शंभरातल्या २ ते ५ जणांना हे होतं, खालच्या अक्कलदाढेत बरंच जास्त. सिगारेट ओढणाऱ्यांना, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना, आणि आधी एकदा झालेल्यांना धोका अधिक.

घरी सोसत बसू नका. डॉक्टर खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी ठेवतात, आणि बऱ्याचदा अर्ध्या-एक तासात माणूस मोकळा श्वास घेतो. मी खुर्चीतून उठायच्या आतच रडू आलं होतं, इतकं हलकं वाटलं. घरच्या घरी लवंगतेलाचा बोळा खड्ड्यात कोंबू नका, थेट लागलं तर ते तेल मांस भाजतं.

वरची मागची दाढ काढली असेल तर

वरच्या दाढांची मुळं नाकाशेजारच्या सायनसच्या पोकळीला लागून असतात. डॉक्टरांनी तसा इशारा दिला असेल तर दोन आठवडे नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या. पाणी पिताना ते नाकातून आलं, तर त्याच दिवशी कळवा.

दाढ काढलेली नाही, दुसरं काही झालंय

रूट कॅनलनंतर चावताना तीन ते पाच दिवस ठणका राहतो, हळूहळू कमी होतो. स्ट्रॉ वगैरेचे नियम इथे लागू नाहीत. जपायचं ते तात्पुरतं सिमेंट: त्या बाजूने चावायचं नाही, चिकट खायचं नाही. सिमेंटचा पातळ पापुद्रा झिजला तर हरकत नाही, पूर्ण निघालं तर लगेच जा, नाहीतर लाळेतले जंतू साफ केलेल्या मुळात पुन्हा शिरतात. आणि दुखणं थांबलं म्हणून कॅप बसवायचं टाळू नका. मागचे दात आधीच पोखरलेले असतात, वर कॅप नसेल तर एके दिवशी काहीतरी कडक चावताना उभे चिरतात, आणि मग सगळा उपचार वाया जाऊन दात काढावा लागतो.

दात भरला असेल आणि चावताना तोच दात आधी टेकतोय असं वाटत असेल, तर सवय होईल म्हणून थांबू नका. बधिर तोंडाने चावून बघितलेलं अनेकदा चुकतं. दोन मिनिटांत घासून देतात. चांदीचं सिमेंट पूर्ण कडक व्हायला २४ तास लागतात, दाताच्या रंगाचं प्रकाशाने तिथेच घट्ट होतं. थंडगार लागलं की झिणझिण्या येणं दोन-चार आठवडे चालू शकतं.

तात्पुरती कॅप असेल तर फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा धागा, वर ओढून काढू नका, बाजूने सरकवून काढा.

दात साफ करून घेतल्यावर लोक म्हणतात, दात हलायला लागले, फटी पडल्या. फटी आधीपासून होत्या, त्या दगडासारख्या किटणाने बुजल्या होत्या. काही दिवस गार लागेल, हिरड्यांतून किंचित रक्त येईल. ब्रश थांबवू नका, मऊ करा. सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट बोटाने लावून ठेवली आणि नुसती थुंकली, चूळ न भरता, तर लवकर आराम पडतो.

इम्प्लांट, म्हणजे हाडात धातूचा खुंट बसवून त्यावर लावायचा दात, असेल तर सुरुवातीची काळजी दाढ काढल्यासारखीच, पण धीर जास्त लागतो. धातूच्या खुंटाला हाड धरायला साधारण ३ ते ६ महिने जातात, आणि त्या काळात सिगारेट हा त्याचा मोठा शत्रू.

पुढचे आठवडे

विरघळणारे टाके एक-दोन आठवड्यांत सैल होऊन पडतात. धागा लोंबला तर ओढू नका. काळा रेशमी धागा असेल तर साधारण आठवड्याने काढायला जावं लागतं. हिरडी वरून मिटायला तीन-चार आठवडे, आतलं हाड भरायला काही महिने. तोवर खड्ड्यात अन्न अडकत राहील. डॉक्टरांनी वाकड्या टोकाची सिरिंज दिली असेल तर त्यांनी सांगितलेल्या दिवसापासून, सहसा पाचव्या-सातव्या दिवसानंतर, मिठाच्या कोमट पाण्याने हळू धुवा. कधी हिरडीतून टोकदार पांढरा कण वर येतो. बहुधा ती हाडाची बारीक किरच असते आणि आपोआप निघते. टोचत राहिली तर दाखवा.

लगेच फोन, किंवा थेट इमर्जन्सी

तिसऱ्या दिवसानंतरही वाढणारी सूज, ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप, पू, दुसऱ्या दिवशीही न गेलेला ओठाचा किंवा जिभेचा बधिरपणा, औषधाने अंगावर उठलेलं पुरळ: त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. फोनवर कोणता दात, कोणत्या दिवशी काढला, ताप किती आणि शेवटची गोळी कधी घेतली, एवढं आधी सांगा.

गिळता येत नाही, लाळ बाहेर गळतेय, जिभेखाली किंवा हनुवटीखाली कडक सूज आली, आवाज बदलला, डोळा सुजून मिटायला लागला, श्वास घ्यायला त्रास होतोय, यातलं एक जरी दिसलं तरी दातांच्या दवाखान्याची वेळ बघत बसू नका. तेव्हा जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं, मध्यरात्र असली तरी, आणि स्वतः गाडी चालवायची नाही.